पहिलं आरसी हेलिकॉप्टर: खिशाला झेपेल आणि पडून पुन्हा उडेल असं कसं निवडायचं

रिमोटचं हेलिकॉप्टर पडतं. शिकणाऱ्याचं तर पडतंच, आणि पडलं की काहीतरी मोडतं: पातं, शेपटीची मोटर, मधला शाफ्ट (पाती बसतात ती उभी दांडी), नाहीतर खालची नाजूक स्किड, म्हणजे टेकायचे पाय. त्यामुळे ‘स्वस्तातलं हेलिकॉप्टर कोणतं?’ याचं उत्तर खोक्यावरच्या किमतीवरून देता येत नाही. दोन हजारांचं हेलिकॉप्टर आणलं, तिसऱ्या दिवशी पातं तुटलं आणि तसलं पातं कुठेच मिळेना, म्हणजे दोन हजार पाण्यात. उलट पाच हजारांचं असेल, पण पात्यांचा जोड दीड-दोनशेत घरपोच येत असेल, तर ते तुम्हाला वर्ष-दोन वर्षं शिकवत राहील. माझं ऐकाल तर आधी सुटे भाग शोधा, मग हेलिकॉप्टर.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुम्हाला वरून फोटो काढायचे असतील, लग्नाचं शूटिंग करायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. चार पंख्यांचा ड्रोन घ्या. ड्रोन हात सोडला तरी जागेवर थांबतो. हेलिकॉप्टर थांबत नाही, त्याला सतत थांबवून धरावं लागतं. या छंदातली सगळी गंमत त्या धरण्यातच आहे.

उडवायचं कुठे, ते आधी ठरवा

बहुतेक जण इथेच गडबडतात. मोठं आणि देखणं दिसतं म्हणून हातभर लांबीचं हेलिकॉप्टर आणतात आणि मग दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ते उडवायला जागाच नसते.

हॉलमध्ये, पार्किंगमध्ये किंवा सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये उडवायचं असेल, तर तीस-चाळीस ग्रॅम वजनाचं, वीस-पंचवीस सेंटिमीटर रोटरचं (रोटर म्हणजे वरची फिरणारी पाती) हेलिकॉप्टर योग्य. हलकं असल्यामुळे पडलं तरी कमी मोडतं आणि कुणाला लागलं तरी ओरखड्यावर निभावतं. अर्थात डोळ्यांचा अपवाद. चष्मा नसेल तर साधा सेफ्टी गॉगल घाला, घरात लहान मूल असेल तर खोलीचं दार लावून घ्या. मैदानावर उडवायचं असेल तर वाऱ्याचा हिशोब करायला हवा. इतकं हलकं यंत्र सकाळी सातच्या आत छान उडतं, नऊनंतर वारा सुटला की पळून जातं. दुपारी मोकळ्या माळावर ते उडवणं म्हणजे ते हरवायला नेणंच.

गच्चीचा मोह टाळा. कठड्यापलीकडे गेलेलं हेलिकॉप्टर खाली कुणाच्या डोक्यावर किंवा गाडीच्या काचेवर पडेल ते सांगता येत नाही. संक्रांतीच्या आसपास पतंगाचा मांजा असतो. घारीही अधूनमधून या फिरत्या वस्तूत रस घेतात.

चार प्रकार, आणि त्यातला तुमचा कोणता

हेलिकॉप्टरच्या खोक्यावर चॅनल लिहिलेले असतात. चॅनल म्हणजे तुमच्या हातात असलेल्या स्वतंत्र हालचाली. वर-खाली हा एक, नाक डावीकडे-उजवीकडे फिरवणं हा दुसरा, पुढे-मागे जाणं हा तिसरा आणि नाक न वळवता कडेला सरकणं हा चौथा. या चारांशिवाय खरं हेलिकॉप्टर उडत नाही. खोक्यावर साडेतीन चॅनल दिसले तर बुचकळ्यात पडू नका. तो अर्धा बहुधा दिवे लावण्या-विझवण्याचा किंवा जायरोचा, म्हणजे हेलिकॉप्टर गिरकू नये म्हणून सावरणाऱ्या सेन्सरचा असतो.

सगळ्यांत स्वस्त म्हणजे तीन चॅनलची, एकावर एक दोन रोटर असलेली कोॲक्सिअल हेलिकॉप्टरं. सायमा एस१०७ हे त्यातलं जगभर खपलेलं नाव. दोन्ही रोटर एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे अंगाला पीळ बसत नाही, आणि वरच्या रोटरला जोडलेली वजनाची दांडी त्याला सावरत राहते. शेपटीवरचा छोटा आडवा पंखा शेपूट उचलतो किंवा दाबतो, त्यावर ते पुढे-मागे जातं. कडेला सरकण्याची सोयच नाही. पुष्कळ मॉडेलांत रिमोट टीव्हीसारखा इन्फ्रारेडवर चालतो, म्हणून उन्हात ते आंधळं होतं. भाच्याच्या वाढदिवसाला द्यायला उत्तम. छंद म्हणून मात्र आठ-पंधरा दिवसांत त्यातली मजा संपते, कारण चुकायला फारसा वावच नसतो. पंधरवड्याची करमणूक हवी असेल तर घ्या, शिकण्यासाठी नको.

त्यावरची पायरी म्हणजे एकच रोटर, चार चॅनल आणि फिक्स्ड पिच. नवशिक्याने इथून सुरुवात करावी. ब्लेड एमएसआर आणि डब्ल्यूएलटॉइज व्ही९११ ही या घराण्यातली गाजलेली नावं. जुन्या मॉडेलांत रोटरच्या वर ४५ अंशांत बसवलेली वजनदार फ्लायबार, म्हणजे सावरणारी दांडी असते. व्ही९११एससारख्या नंतरच्या मॉडेलांत ती जाऊन तिचं काम इलेक्ट्रॉनिक जायरो करतो. फिक्स्ड पिच म्हणजे पात्याचा कोन ठरलेला. वर जायचं तर रोटर जोरात फिरवायचा, खाली यायचं तर हळू. त्यामुळे प्रत्येक आज्ञेला थोडा उशीर लागतो. हा उशीर सुरुवातीला छळतो, पण चारही चॅनल खरे असल्यामुळे हाताला लागलेलं वळण पुढे मोठ्या हेलिकॉप्टरवरही कामी येतं.

याच वर्गात अलीकडे उंची आपोआप धरून ठेवणारी मॉडेलं आली आहेत, उदाहरणार्थ ईचीन ई१२९ किंवा आरसी एरा सी१८६. त्यांच्यात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. डावी स्टिक मधे सोडली की हेलिकॉप्टर त्याच उंचीवर राहतं. पहिल्याच दिवशी उडवल्याचं समाधान मिळतं, हे खरं. छताचा पंखा चालू असेल किंवा खिडकीतून झोत येत असेल तर तेच सेन्सर गोंधळतं, हेही खरं. माझं मत सांगायचं तर, हात अजिबात बसत नाही अशी भीती वाटत असेल किंवा शाळकरी मूल उडवणार असेल तर हे घ्या. पुढे कलेक्टिव्ह पिचकडे (खाली सांगितलेल्या चौथ्या प्रकाराकडे) जायचं मनात असेल तर मात्र थ्रॉटल, म्हणजे वर-खाली नेणारी स्टिक, स्वतःच सांभाळावा लागणारं साधं चार चॅनलचं मॉडेल बरं. थ्रॉटलचा अंदाज पुस्तकातून येत नाही आणि सेन्सरने दिलेला अंदाज आपला नसतो.

चौथा प्रकार सहा चॅनलचा, कलेक्टिव्ह पिच. इथे रोटरचा वेग जवळपास तोच राहतो आणि पात्यांचा कोन बदलून हेलिकॉप्टर वर-खाली जातं. कोन उणे करता येतो, म्हणून ते उलटंही उडतं. एक्सके के११० आणि डब्ल्यूएलटॉइज व्ही९७७ ही त्यातली लहान आणि त्यातल्या त्यात परवडणारी मॉडेलं. मुख्य मोटर ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली), वजन पन्नास-साठ ग्रॅमच्या घरात. यूट्यूबवर उलटसुलट कोलांट्या मारणारं जे हेलिकॉप्टर बघून तुम्ही या वाटेला लागलात, ते बहुधा याच जातीचं. ते पहिलं हेलिकॉप्टर म्हणून घेऊ नका. प्रतिसाद इतका झटपट असतो, की चूक कळायच्या आत ते जमिनीवर असतं.

जाहिरातीतले शब्द कसे वाचायचे

जायरोचे अक्ष हा शब्द सगळीकडे भेटतो. तीन अक्षांचा जायरो हेलिकॉप्टरचं गिरकणं आणि झुकणं रोखतो, पण एकदा झुकलेलं सरळ करत नाही. सहा अक्षांच्या यंत्रणेत त्वरणमापकही असतो. स्टिक सोडली की हेलिकॉप्टर स्वतःहून समतल होतं. नवशिक्याला सहा अक्षी हवं. के११० किंवा व्ही९७७ वर ही सोय बटणाने चालू-बंद होते. त्यामुळे ‘सहा अक्षी’ वाचून ते सोपं आहे असं समजू नका. बटण चुकून दुसरीकडे गेलं तर सोय गेली.

ब्रश्ड आणि ब्रशलेस मोटरमधला फरक खिशाला थेट लागतो. स्वस्त मॉडेलांतल्या बारीक ब्रश्ड मोटरी झिजतात. काही तासांच्या उड्डाणानंतर हेलिकॉप्टर पूर्वीसारखं वर चढेनासं झालं, तर बॅटरीला दोष देण्याआधी मोटर बदलून बघा. ब्रशलेस महाग असते पण पुष्कळ टिकते.

‘फ्लाइट टाइम’चे आकडे वाऱ्याविना, नव्या बॅटरीवर काढलेले असतात. या आकाराच्या हेलिकॉप्टरला एका बॅटरीवर पाच ते आठ मिनिटं धरून चाला. कॅमेरा असलेलं लहान हेलिकॉप्टर सरळ वगळा. त्या कॅमेऱ्याचं वजन उडण्यातून वजा होतं आणि चित्रही बघण्यासारखं येत नाही.

सुटे भाग: निवडीची खरी परीक्षा

दोन-तीन मॉडेलं नजरेत भरली की हेलिकॉप्टरची ऑर्डर देऊ नका. मॉडेलचं पूर्ण नाव आणि पुढे एकेक भाग लिहून शोधा: मुख्य पाती, शेपटीचं पातं, शेपटीची मोटर वायरीसकट, मेन शाफ्ट, मेन गिअर, कनेक्टिंग बकल किंवा बॉल लिंक, स्किड, कॅनॉपी (वरचं प्लॅस्टिकचं कवच), बॅटरी. कलेक्टिव्ह पिच असेल तर त्यात फेदरिंग शाफ्ट, ब्लेड ग्रिप आणि सर्व्होची (पात्यांचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरींची) भर घाला. यातले निदान पहिले पाच भाग भारतातच, एका आठवड्यात हातात येतील असे मिळाले तरच ते मॉडेल यादीत ठेवा.

‘भारतातच’ यावर जोर देण्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. सुट्या घटकांना त्यातून मोकळीक आहे. पण पार्सल उघडणाऱ्या कस्टम अधिकाऱ्याला रिमोटवर उडणारं यंत्र दिसतं, ते हेलिकॉप्टर की ड्रोन या वादात पडायला त्याला वेळ नसतो. वर खेळण्यांवरचं आयात शुल्कही जबर आहे. म्हणजे चिनी संकेतस्थळावर निम्म्या किमतीत दिसणारं हेलिकॉप्टर अडकूही शकतं किंवा शुल्क भरून इथल्याच भावात पडू शकतं. बॅटरीचं दुखणं आणखी वेगळं. लिथियम बॅटऱ्यांच्या विमानवाहतुकीवर कडक निर्बंध असतात, त्यामुळे परदेशी विक्रेते त्या पाठवायला बऱ्याचदा नकार देतात. पाती, शाफ्ट, गिअर बाहेरून मागवता येतात; हेलिकॉप्टर आणि बॅटरी इथल्या हॉबी दुकानातून घेतलेली बरी.

दुकान ऑनलाइन असलं तरी फोन करून बघा. विचारायचा प्रश्न एकच: ‘याचे मेन ब्लेड्स आणि टेल मोटर स्टॉकमध्ये आहे का?’ समोरचा माणूस लगेच ‘किती हवेत?’ म्हणाला तर दुकान कामाचं. ‘त्याची गरजच पडणार नाही’ असं म्हणाला तर नमस्कार करून फोन ठेवा.

बजेटची वाटणी मी अशी करतो: दहातले सहा भाग हेलिकॉप्टर आणि रिमोटला, उरलेले चार जादा बॅटऱ्या आणि सुट्या भागांना. पहिल्या ऑर्डरमध्येच दोन-तीन जादा बॅटऱ्या, पात्यांचे दोन-तीन जोड, शेपटीची दोन पाती आणि एक मेन शाफ्ट मागवून ठेवा. वेगवेगळं मागवलं तर कुरिअरचा खर्च पात्याहून जास्त होतो. त्याबरोबर बारीक फिलिप्स आणि षटकोनी स्क्रूड्रायव्हरचा संच, चिमटा आणि दुहेरी चिकटपट्टी एवढी अवजारं पुरतात.

मोडलेल्या पात्याला फेविक्विक लावून पुन्हा उडवू नका. चिकटवलेल्या बाजूचं वजन वाढतं, रोटर थरथरतो, त्या थरथरीने जायरो वेडावतो आणि बेअरिंग जातात. एक पातं वाचवायला त्याहून मोठी मोडतोड होते. पात्याचे स्क्रूही करकचून आवळायचे नसतात; हेलिकॉप्टर आडवं धरून हलकासा हिसका दिला की पाती दुमडली पाहिजेत. पडताना दुमडणारं पातं वाचतं, ताठ राहिलेलं तुटतं आणि जाताना शाफ्टही वाकवून जातं.

रिमोटवर पैसे घालावेत का

हेलिकॉप्टर दोन रूपांत विकतात. आरटीएफ म्हणजे रिमोट, बॅटरी, चार्जर सगळं एका खोक्यात. बीएनएफ म्हणजे रिमोटशिवाय. तुमच्याकडच्या रिमोटशी ते जोडून घ्यायचं. पहिल्यांदा घेताना आरटीएफ घ्या. मात्र रिमोट मोड १ आहे की मोड २, ते पाहून घ्या. मोड २ मध्ये थ्रॉटल डाव्या हाताला असतो. बाजारातले बहुतेक तयार संच मोड २ चे असतात आणि शिकवणी व्हिडिओही त्याच मोडवर जास्त सापडतात. नंतर मोड बदलणं जिवावर येतं, म्हणून ज्या मित्राकडून शिकणार असाल त्याचा मोड कोणता ते विचारूनच ठरवा.

दुसरा मार्ग थोडा महाग, पण मला जास्त पटणारा: एकदाच बरा, अनेक प्रोटोकॉल, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या रेडिओभाषा बोलणारा रिमोट घ्यायचा आणि पुढची सगळी हेलिकॉप्टरं बीएनएफ घ्यायची. रेडिओमास्टर कंपनीचे रिमोट यासाठी वापरतात. घेताना आतलं रेडिओ मॉड्यूल पाहा, कारण तो कोणत्या भाषा बोलेल ते त्यावर ठरतं. उदाहरणार्थ रेडिओमास्टर पॉकेट हा दोन प्रकारांत मिळतो, ईएलआरएस आणि सीसी२५००. एक्सके के११० फुटाबाच्या एस-एफएचएसएस प्रोटोकॉलवर जुळतं, त्यासाठी सीसी२५०० हवा. चार-इन-वन मॉड्यूल (चार रेडिओ चिप एकत्र) असलेला रिमोट घेतलात तर ही काळजी बरीचशी मिटते. शिवाय हे रिमोट यूएसबी केबलने संगणकाला जोडले की सिम्युलेटरची जॉयस्टिक होतात. खेळण्याच्या खोक्यातल्या रिमोटचं तसं काही करता येत नाही.

बॅटरी

या हेलिकॉप्टरांत लिथियम पॉलिमर, म्हणजे बोलीतली लिपो बॅटरी असते. एका सेलचा नेहमीचा दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. तीन व्होल्टच्या खाली गेली की ती कायमची बिघडते, म्हणून हेलिकॉप्टर दमल्यासारखं वाटू लागताच उतरवा. ‘अजून एक चक्कर’ नको. मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावून उडवायची सवय लावली तर बॅटऱ्या दुप्पट टिकतात असं जुने लोक सांगतात; आकडा काही असो, सवय चांगली.

चार्जिंगचा नियम सोपा आहे. बॅटरीवर २५० मिलीअँपिअर-तास लिहिलं असेल तर पाव अँपिअरने चार्ज करा, ५०० असेल तर अर्ध्याने. मोबाइलचा जलद चार्जर लावून घाई करू नका. पलंगावर, गादीवर, सोफ्यावर चार्जिंग नको. ओट्यावर किंवा फरशीवर ठेवा आणि चालू ठेवून बाहेर जाऊ नका. फुगलेली बॅटरी ‘अजून चालतेय’ म्हणून वापरायची नसते, ती ई-कचऱ्यात द्या. चार-आठ दिवस उडवणार नसाल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा रिकामी ठेवू नका, सेलला साधारण ३.८ व्होल्ट असताना ठेवा. आणि एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बॅटऱ्या विसरू नका.

जादा बॅटरी मागवताना आकार आणि वजनाबरोबर प्लग जुळतो का ते बघा. एकाच क्षमतेच्या दोन बॅटऱ्यांचे प्लग वेगळे निघतात, आणि काही वेळा प्लग जुळतो पण लाल-काळी वायर उलट असते. लावण्याआधी रंग जुळवून घ्या.

उडवायला शिकताना

पावसाळा सिम्युलेटरसाठीच असतो असं समजा. हेली-एक्स, नेक्स्ट आणि रिअलफ्लाइट हे संगणकावरचे सिम्युलेटर हेलिकॉप्टरवाल्यांत प्रसिद्ध आहेत. त्यात पडलेलं हेलिकॉप्टर एका बटणावर उभं राहतं, आणि हेच या छंदातलं सगळ्यांत स्वस्त पातं. रोज वीस मिनिटं बसलात तरी महिन्याभरात हात बसतो.

खऱ्या हेलिकॉप्टरला क्रम पाळावा लागतो. आधी रिमोट चालू, मग हेलिकॉप्टरला बॅटरी. बंद करताना उलट: आधी हेलिकॉप्टरची बॅटरी काढा, मग रिमोट. बॅटरी लावल्यावर ते सपाट जमिनीवर ठेवा आणि दिवा स्थिर होईपर्यंत हात लावू नका. त्या काही सेकंदांत जायरो ‘सरळ म्हणजे काय’ ते ठरवत असतो. उतरत्या फरशीवर ठेवलंत तर उडल्यावर ते एका बाजूला ओढत राहील आणि तुम्हाला वाटेल मालच खराब आहे.

शेपूट आपल्याकडे, नाक पलीकडे, असं ठेवून दीड-दोन मीटर मागे उभं राहा. थ्रॉटल भीत भीत वाढवून हेलिकॉप्टर जमिनीलगत घोळवत ठेवणं हा सगळ्यांचा पहिला हट्ट असतो. जमिनीजवळ रोटरने खाली ढकललेली हवा परत वर येते आणि हेलिकॉप्टर डुलायला लागतं. त्यापेक्षा एका दमात गुडघ्याच्या वर, कमरेपर्यंत न्या. तिथे ते शांत असतं. स्टिक दाबून धरू नका, टिचक्या मारा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: भिंतीला किंवा खुर्चीला लागणार हे दिसताक्षणी थ्रॉटल पूर्ण खाली. पडण्याने जेवढं मोडतं त्यापेक्षा जास्त, अडकलेली पाती मोटर फिरवत राहिल्याने मोडतं. गिअरचे दात जातात, मोटर जळते.

शेपूट आपल्याकडे ठेवून अख्खी बॅटरी एका जागी राहता यायला लागलं, की डावी कूस आणि उजवी कूस समोर धरून तेच करा. मग नाक आपल्याकडे. इथे मेंदूचा गोंधळ उडतो, कारण डावं-उजवं उलटं होतं. उपाय असा की हेलिकॉप्टर तुमच्या नजरेला ज्या बाजूला झुकतंय, स्टिक त्याच बाजूला न्यायची, कलणाऱ्या मांडवाला टेकू द्यावा तशी. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि याच टप्प्यावर पुष्कळांची हेलिकॉप्टरं माळ्यावर जातात. टिकलात तर पुढचं आठाच्या आकारात फिरवणं वगैरे आपोआप येतं.

जुनं घ्यायचं असेल तर

छंद सोडणारे लोक हेलिकॉप्टर, रिमोट, चार-पाच बॅटऱ्या आणि सुट्या भागांची डबी असं एकगठ्ठा विकतात. हा सौदा नव्यापेक्षा चांगला ठरू शकतो, पण समोर उडवून दाखवायला सांगा. उडवून दाखवता येत नाही म्हणाले तर निदान एवढं तरी तपासा: रोटर हाताने हळू फिरवा, शाफ्ट वाकलेला असेल तर पात्यांचं टोक वर-खाली होताना दिसतं. मेन गिअर एक पूर्ण फेरा फिरवून कुठे अडतो का बघा. अडला तर दात गेलेत. पाती कडेने पाहा, टवके उडालेले नकोत. बॅटरी लावून स्टिक हलवा आणि सर्व्हो कापरं भरल्यासारखे थरथरतात का ते पाहा. बॅटऱ्या फुगलेल्या असतील तर किमतीतून वजा करा. चकचकीत नवी कॅनॉपी दिसली तर जास्त बारकाईने बघा. बाहेरचं प्लॅस्टिक बदललं की आतलं झाकलं जातं.

कायद्याचं थोडं

रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर भारतात २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांखाली येतं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला, आणि व्यावसायिक वापर नसेल तर मायक्रोलाही, पायलट परवाना लागत नाही. लहान हेलिकॉप्टर घ्या म्हणण्यामागे हेही एक कारण. पण जागेचं बंधन आहेच. डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे दिलेले आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मुभा, लालमध्ये केंद्राच्या परवानगीशिवाय काहीच नाही. पुण्यात लोहगाव, नाशिकजवळ ओझर, गोव्यात दाबोळी अशा विमानतळांभोवतीचा आणि लष्करी हद्दींचा भाग पाहूनच मैदान निवडा. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोन आणि रिमोटवर चालणारी लहान विमानं उडवायला बंदी घालतात, तेव्हा तिथे बंद हॉल हाच शहाणा पर्याय. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तिथली छंद म्हणून उडवणाऱ्यांसाठीची ‘ट्रस्ट’ ही मोफत सुरक्षा चाचणी द्यावी. हेलिकॉप्टर २५० ग्रॅमहून जड असेल तर नोंदणीही लागते.

पुढचं हेलिकॉप्टर

नाक आपल्याकडे ठेवून अख्खी बॅटरी निवांत काढता आली, की के११०सारखं छोटं कलेक्टिव्ह पिच घ्यायला हरकत नाही. सहा अक्षी मोडवर सुरुवात करा आणि त्याआधी सिम्युलेटरवर तेच करून घ्या. त्यानंतर ओएमपीहॉबी एम२सारखं ४०० मिलिमीटर रोटरचं, बेल्ट-गिअरची कटकट नसलेलं हेलिकॉप्टर मोहात पाडतं. ते परवडणाऱ्या गटात बसत नाही, २५० ग्रॅमच्या वर जातं, आणि त्याच्यासाठी खरं मैदान लागतं.

४५० आकाराचं, ३२५ मिलिमीटर पात्यांचं हेलिकॉप्टर कुणी स्वस्तात देऊ केलं तर मात्र थांबा. त्याचा रोटर मिनिटाला अडीच हजार फेरे घेतो. पात्याचं टोक ताशी तीनशे किलोमीटरहून वेगात असतं. ते एकट्याने, गल्लीत किंवा मुलं खेळतात त्या मैदानात उडवायचं नसतं. जाणत्या माणसाला सोबत घ्या, पहिली जुळवाजुळव आणि पात्यांचे कोन त्याच्याकडून तपासून घ्या. मोटरची वायर सोडवून ठेवल्याशिवाय टेबलावर बॅटरी लावू नका. उडवताना स्वतः दहा मीटर मागे उभे राहा, बघे असतील तर त्यांना तुमच्याही मागे उभं करा.